परदेशात कार्ड चालत नाही, युपीआय जात नाही : तपासणी कुठून सुरू करावी

म्हापशातून परदेशी सहली घेऊन जाण्याचे काम मी गेली अकरा वर्षे करते आहे. आमच्या गटात पेडणे, डिचोली, साखळी, फोंडा या भागांतली माणसे अधिक असतात. त्यात निवृत्त शिक्षक असतात, दुकानदार असतात, मुलांनी हौसेने पाठवलेले आई-वडील असतात. सामान हरवणे, विमान चुकणे असे प्रसंग या काळात बोटांवर मोजण्याइतकेच आले, परंतु "पैसे जात नाहीत" ही तक्रार एकाही सहलीत चुकलेली नाही. ती बहुधा पहिल्याच दिवशी येते, आणि तीही पाण्याची बाटली, बसचे तिकीट किंवा डोकेदुखीची गोळी अशा किरकोळ खरेदीच्या वेळी. हॉटेलचे आणि विमानाचे पैसे घरूनच भरलेले असतात. अडते ते रोजच्या खर्चापाशी. याचे एक कारण आपल्या सवयीत आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबड्या भाजीची जुडी विकणारी बाई क्यूआर पुढे करते, पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पदेरालाही फोनवरूनच पैसे जातात, त्यामुळे खिशात नोटा ठेवण्याची आणि पैसे देण्याचा दुसरा मार्ग तयार ठेवण्याची आपली सवय मोडली आहे.

बहुतेक वेळा या तक्रारीचे मूळ परदेशातल्या दुकानात नसते. ते आपल्याच फोनमधल्या बँकेच्या अ‍ॅपमधल्या एखाद्या बंद राहिलेल्या खटक्यात असते. तरीही माणसे घाबरून चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात, पिन पुन्हा पुन्हा दाबतात आणि पाच मिनिटांत सुटणाऱ्या अडचणीचे रूपांतर अडकलेल्या कार्डात करतात. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तोच क्रम पुढे दिला आहे. फुकट आणि सोपे ते आधी, खर्चाचे आणि वेळखाऊ ते नंतर.

लक्षणे

तक्रार एकच वाटली तरी लक्षणे निरनिराळी असतात, आणि नेमके लक्षण टिपले तर अर्धे काम होते.

कार्ड स्वाइप मशीनमध्ये घातले की पिन विचारण्याआधीच व्यवहार नाकारला जातो. किंवा पिन घेतला जातो आणि मग नाकारला जातो. या दोन्हींत मोठा फरक आहे, तो पुढे येईल.

चिप आत घातली की पैसे जातात, पण कार्ड टॅप केले की जात नाहीत.

दुकानात कार्ड चालते, एटीएममध्ये मात्र "आपल्या बँकेशी संपर्क साधा" असा संदेश येतो.

ऑनलाइन तिकीट काढताना सगळे पुढे सरकते आणि ओटीपीची वाट पाहत पान बंद पडते.

युपीआयने क्यूआर स्कॅन केला की अ‍ॅप तो ओळखतच नाही, किंवा ओळखतो आणि ही सेवा चालू नाही असे सांगतो.

पैसे जातात, परंतु खात्यातून अपेक्षेपेक्षा बरेच जास्त कापले जातात. हे लक्षण फार थोड्यांच्या लक्षात येते, कारण काम झालेले असते. मी मात्र तो बिघाडच मानते.

खात्यातून रक्कम गेली आणि हातात नोटा आल्या नाहीत. हे एक लक्षण असे आहे की त्यात खालील तपासण्या करत बसू नये. थेट शेवटच्या भागाकडे जावे.

आधी काउंटरकडे पाहा, मग कार्डाकडे

पहिली तपासणी डोळ्यांनी होते. त्या दुकानात कार्ड घेतात का, आणि घेत असल्यास कोणत्या नेटवर्कची (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे अशी) चिन्हे काउंटरवर लावली आहेत, हे पाहावे. हे सांगण्याइतके मोठे वाटत नाही, पण देशागणिक रिवाज इतके वेगळे आहेत की निम्मा गोंधळ इथेच मिटतो. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. तिथे कार्ड टॅप करावे लागते किंवा प्रवासाचे वेगळे कार्ड घ्यावे लागते, आणि एकाच कार्डावर नवरा-बायको दोघांचा प्रवास होत नाही, प्रत्येकाला आपापले कार्ड लागते. स्वीडनमध्ये अनेक दुकाने नोटा नाकारतात. उलट जपानमध्ये आणि जर्मनीत लहान खानावळी, जुनी दुकाने अजून रोख पैशांवर चालतात, आणि जपानमध्ये रेल्वे-बसच्या प्रवासकार्डात स्टेशनवरच्या यंत्रावर पैसे भरायचे तर बहुतेक ठिकाणी येनच्या नोटाच लागतात. तिथे कार्ड नाकारले गेले, तर कार्डात दोष शोधण्यात अर्थ नसतो.

नंतर कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजू वाचाव्यात. मुदत संपली आहे का, हे आधी. मग कार्डावर ते फक्त भारतात वैध असल्याची ओळ छापली आहे का, हे पाहावे. आपल्याकडे सहकारी आणि अर्बन बँकांत खाती असलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि या बँकांची अनेक डेबिट कार्डे देशांतर्गत वापराची रुपे कार्डे असतात. गावातल्या एटीएममध्ये ती वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात, त्यामुळे ती बाहेर चालणारच नाहीत हे कोणाच्या ध्यानात येत नाही. रुपेचा जो आंतरराष्ट्रीय प्रकार आहे त्याच्या मागील बाजूस डिस्कव्हर, डायनर्स क्लब आणि पल्स यांची चिन्हे असतात, आणि त्या नेटवर्कच्या दुकानांत ते कार्ड चालते. मागे अशी चिन्हे नसतील आणि देशांतर्गत असल्याची ओळ असेल, तर तपासणी इथेच संपली. ते कार्ड सहलीपुरते पाकिटाच्या तळाशी ठेवावे.

फोनमधले खटके

माझ्या अनुभवात सर्वांत अधिक तक्रारी इथे सुटतात, म्हणून या तपासणीवर मी जरा रेंगाळते.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेला आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून अमलात आलेला नियम असा आहे, की नवे किंवा बदलून दिलेले कार्ड हाती येते तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि भारतातल्या दुकानांत चालू असते. परदेशी वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप करून पैसे देणे या सोयी ग्राहकाने स्वतः चालू करायच्या असतात. ज्या जुन्या कार्डांवर परदेशी व्यवहार कधी झालाच नव्हता, त्यांवरही ती सोय बंद करण्यात आली. हा नियम ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि तो योग्यच आहे. पण घरून निघताना त्याची आठवण कोणी करून देत नाही.

सिंगापूरच्या लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डिचोलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्यापुढे रांगेत उभे होते. ताटात गरम भात आणि मासळीची आमटी, हातात नवे कोरे कार्ड. विक्रेत्याने मशीन पुढे केले, काकांनी कार्ड घातले, मशीनने पिन विचारलासुद्धा नाही आणि लाल अक्षरांत नकार दिला. पुन्हा घातले, पुन्हा नकार. मागची रांग वाढत होती आणि काकांचा चेहरा उतरत चालला होता. आपल्या खात्यात पैसे आहेत हे ते त्या विक्रेत्याला मराठीतून सांगू लागले. मी त्यांचे पैसे दिले आणि जेवण झाल्यावर त्यांच्या फोनमधले बँकेचे अ‍ॅप उघडले. कार्डाच्या विभागात दोन स्तंभ होते, एक देशांतर्गत आणि एक आंतरराष्ट्रीय. देशांतर्गत स्तंभातले चारही खटके हिरवे होते. आंतरराष्ट्रीय स्तंभातले चारही करडे होते. आम्ही दुकानाचा आणि टॅपचा असे दोन खटके चालू केले, आणि त्याच विक्रेत्याच्या शेजारी चहा घेताना तेच कार्ड पहिल्या फटक्यात चालले.

या प्रसंगातली खूण लक्षात ठेवावी : पिन विचारण्याआधीच नकार आला, तर संशय आधी खटक्यावर किंवा कार्डाच्या प्रकारावर घ्यावा. पिन घेऊन मग नकार आला, तर संशय पिनवर, शिल्लक रकमेवर किंवा मर्यादेवर घ्यावा. प्रत्येक मशीन हा नियम पाळते असे नाही, परंतु शोध कुठून सुरू करावा हे त्यावरून ठरते.

हे खटके सुटे सुटे असतात. दुकान, एटीएम, ऑनलाइन आणि टॅप यांना प्रत्येकी वेगळा खटका असतो, आणि म्हणूनच "दुकानात चालते, एटीएमवर चालत नाही" किंवा "चिप चालते, टॅप चालत नाही" अशी लक्षणे दिसतात. सगळेच चालू करून ठेवण्याचा मोह होतो, पण मी तसे करू देत नाही. ज्याची गरज आहे तेवढेच चालू करावे. परदेशी संकेतस्थळांवरचे अनेक व्यवहार ओटीपीशिवायही होतात, त्यामुळे आंतरराष्ट्रीय ऑनलाइनचा खटका विनाकारण उघडा ठेवणे जोखमीचे आहे. बँकेचे अ‍ॅप वापरत नसलेल्यांना हे काम नेट बँकिंगवरून, बँकेच्या फोनसेवेवरून किंवा एटीएमवरून करता येते. मात्र ते गोव्यात असतानाच करून घेणे बरे.

मर्यादा, शिल्लक आणि अडकवून ठेवलेली रक्कम

खटका चालू असूनही नकार येत असेल, तर त्याच पानावरची आंतरराष्ट्रीय मर्यादा पाहावी. काही कार्डांवर ती शून्य किंवा फारच कमी ठेवलेली असते. खटका हिरवा दिसतो, म्हणून माणूस पुढे पाहत नाही.

शिल्लक रकमेच्या बाबतीत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अनेक हॉटेले खोली देताना कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात. ती कापलेली नसते, पण वापरताही येत नाही. क्रेडिट कार्डावर असे झाले तर फक्त मर्यादा तेवढी कमी होते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर (आधीच परकीय चलन भरून नेलेल्या कार्डावर) झाले तर आपले खरे पैसे अडकतात, आणि हॉटेल सोडल्यानंतर ते मोकळे व्हायला काही दिवस लागू शकतात. तिसऱ्या दिवशी अचानक कार्ड बंद पडले अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न हाच विचारते, की हॉटेलात कोणते कार्ड दिले होते. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड, रोजच्या खर्चासाठी दुसरे, असा नियम पाळला तर हा घोळ होत नाही.

सिम कार्ड

विमानतळावर उतरल्यावर स्थानिक सिम घ्यायचे, भारतीय सिम काढून पाकिटात ठेवायचे, ही फार जुनी सवय आहे आणि आजच्या काळात तीच अनेक बिघाडांचे मूळ ठरते. ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो. बँकेला एखादा व्यवहार संशयास्पद वाटला तर "हा व्यवहार तुम्हीच करत आहात का" हा संदेशही त्याच क्रमांकावर येतो, आणि उत्तर गेले नाही तर कार्ड तात्पुरते रोखले जाऊ शकते. युपीआयचे अ‍ॅप तर त्या सिमशीच बांधलेले असते. सिम काढले की ते पुन्हा नोंदणी मागू शकते, आणि नोंदणीसाठी भारतीय क्रमांकावरून एसएमएस जावा लागतो, जो रोमिंगशिवाय जात नाही.

म्हणून भारतीय सिम फोनमध्येच ठेवावे, त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी चालू करून घ्यावे, आणि इंटरनेटसाठी दुसऱ्या जागेत स्थानिक सिम किंवा ई-सिम वापरावे. भारतीय सिमचा डेटा बंद ठेवला तरी चालतो, कारण ओटीपीला नेटवर्क लागते, डेटा लागत नाही. गटात एखाद्या जोडप्याचा बँकेत नोंदवलेला क्रमांक घरी राहिलेल्या मुलाचा असतो. अशा वेळी मुलाला आधी सांगून ठेवणे आणि वेळेतला फरक समजावणे आवश्यक असते.

युपीआय : कोणत्या क्यूआरवर आणि कोणत्या देशात

युपीआय परदेशात चालते हे खरे आहे, पण सगळीकडे चालत नाही, आणि जिथे चालते तिथेही प्रत्येक क्यूआरवर चालत नाही. भूतानमध्ये ते जुलै २०२१ पासून आहे. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून सुरुवात झाली, श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये त्याच महिन्यात, नेपाळमध्ये पुढच्या मार्च महिन्यात. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथेही ठरावीक दुकानदारांकडे ते घेतले जाते.

अ‍ॅप सेवा चालू नसल्याचे सांगत असेल, तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय युपीआय चालू करावे. ते खात्यानुसार आणि ठरावीक मुदतीसाठीच चालू होते. मुदत संपली की आपोआप बंद पडते. गेल्या सहलीत चालू केले होते म्हणून या सहलीतही चालेल असे समजणाऱ्यांना दर वेळी हाच अनुभव येतो.

अ‍ॅप क्यूआर ओळखतच नसेल, तर तो क्यूआर कोणाचा आहे हे पाहावे. सिंगापूरमध्ये एकाच फलकावर अनेक सेवांची चिन्हे असतात आणि त्यांत युपीआयचे चिन्ह असेल तरच उपयोग होतो. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी भारताचे युपीआय आणि सिंगापूरची तशीच पैसे पाठवण्याची सेवा, पेनाऊ, जोडले गेले, त्या बातमीमुळे पुष्कळांचा असा समज झाला की पेनाऊच्या कोणत्याही क्यूआरवर आपले अ‍ॅप चालेल. ती जोडणी सहभागी बँकांमधून व्यक्तीने व्यक्तीला पैसे पाठवण्यासाठी आहे. खाद्यपदार्थांच्या टपरीवर पैसे देण्याचा तो मार्ग नव्हे. नेपाळमध्ये तर नावानेच घोटाळा होतो. तिथे ज्या फोनपे नेटवर्कच्या क्यूआरवर युपीआय चालते, ती नेपाळी कंपनी आहे, आणि आपल्याकडे वापरले जाणारे फोनपे हे वेगळ्या कंपनीचे अ‍ॅप आहे. देवनागरीत दोन्ही नावे सारखीच दिसतात, त्यामुळे "माझ्याकडे फोनपे आहे" एवढ्यावर विसंबू नये. क्यूआरच्या फलकावर युपीआयचे चिन्ह पाहून घ्यावे.

दुकानदाराने आपला वैयक्तिक क्यूआर पुढे केला किंवा एखाद्या भारतीय ओळखीच्या माणसाच्या खात्यावर रुपये टाकायला सांगितले, तर मी नकार देते. पैसे गेले आणि माल मिळाला नाही, तर त्या व्यवहाराची दाद कोणत्याच मार्गाने नीट मागता येत नाही.

पैसे जास्त कापले जातात

हे तपासायला खर्च नाही, फक्त मशीनच्या पडद्याकडे पाहावे लागते. दुबईत देरा भागातल्या एका दुकानात मी गटातल्या एका मावशींसोबत होते. अत्तराच्या दोन बाटल्या घेतल्या, कार्ड मशीनमध्ये गेले, आणि पडद्यावर दोन ओळी आल्या : वर दिऱ्हाममधली रक्कम, खाली रुपयांमधली. रुपये ओळखीचे वाटतात म्हणून मावशींचे बोट खालच्या ओळीकडे गेले. मी त्यांचा हात थांबवला.

रुपयांची ओळ निवडली की परकीय चलनाचे रूपांतर आपली बँक करत नाही, दुकानदाराच्या बाजूची सेवा करते, आणि तिचा दर बहुधा महाग असतो. शिवाय परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही अनेक भारतीय बँका वेगळे शुल्क लावतात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान होते. स्थानिक चलन निवडले तर आपल्या बँकेचे शुल्क लागते, पण ते आधीपासून माहीत असते. बऱ्याच कार्डांवर ते ३.५ टक्क्यांपर्यंत असते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे १०,००० रुपयांच्या खरेदीवर ३५० रुपये शुल्क आणि ६३ रुपये कर. काही विक्रेते आपल्याला न विचारताच रुपयांची कळ दाबून मोकळे होतात. पावतीवर दोन्ही चलने आणि एक विनिमय दर छापलेला दिसला, तर तिथेच तो व्यवहार रद्द करून पुन्हा स्थानिक चलनात करायला सांगावे. दुकानातून बाहेर पडल्यावर ते अवघड होते.

एटीएमवर हाच प्रश्न निराळ्या शब्दांत येतो. पडद्यावर "रूपांतरासह" आणि "रूपांतराशिवाय" असे पर्याय दिसल्यास रूपांतराशिवायचा पर्याय निवडावा. पैसे मिळत नाहीत या भीतीने माणसे पहिला पर्याय दाबतात. दुसरा दाबला तरी पैसे मिळतातच.

रोख आणि एटीएम

वरचे सगळे करूनही दुकानात पैसे जात नसतील, तर दुसऱ्या नेटवर्कचे दुसरे कार्ड वापरून पाहावे. ते पहिल्या कार्डाच्याच पाकिटात नसावे, हे वेगळे सांगायला नको. दुसरेही चालले नाही तर एटीएम, आणि इथून खर्च सुरू होतो. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी पैसे काढताना एटीएमचे स्वतःचे २२० बाटच्या आसपास शुल्क लागते, ते एक हजार काढा किंवा दहा हजार काढा, तेवढेच. म्हणून थोडे थोडे काढणे तोट्याचे पडते. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या सेव्हन बँकेच्या एटीएमवर परदेशी कार्डे चालतात, त्यामुळे तिथे शोधाशोध करावी लागत नाही. एटीएम शक्यतो बँकेच्या शाखेतले आणि शाखा उघडी असतानाचे निवडावे, कारण कार्ड आत अडकले तर आत जाऊन बोलायला माणूस मिळतो. रस्त्यावरच्या सुट्या यंत्रात ती सोय नसते.

गोव्यातून निघताना थोडे परकीय चलन हातात असावे, असे माझे ठाम मत आहे. कळंगुट, कांदोळी, पणजी इथे परदेशी पाहुण्यांसाठी मनी एक्सचेंजची दुकाने जागोजागी आहेत. तीच आपल्यालाही चलन देतात, फक्त रिझर्व्ह बँकेचा परवाना भिंतीवर पाहावा आणि पावती घ्यावी. ५०,००० रुपयांपर्यंतचे चलन रोखीने विकत घेता येते, त्यापुढची रक्कम बँकेमार्फत द्यावी लागते. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंतचेच चलन नेता येते. नोटा कोऱ्या आणि न फाटलेल्या घ्याव्यात. थायलंडमध्ये १०० डॉलरच्या नोटेला लहान नोटांपेक्षा चांगला दर मिळतो. व्हिएतनाममध्ये गेल्यावर २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा उजेडात धरून वाचाव्यात, कारण दोन्ही निळ्या आहेत आणि टॅक्सीत अंधारात त्यांची अदलाबदल सहज होते.

नेपाळ आणि भूतानचा हिशेब वेगळा आहे. फॉरेक्स कार्ड तिथे चालत नाही, तिथल्या प्रवासासाठी परकीय चलनही मिळत नाही. नेपाळी रुपयाचा दर १ भारतीय रुपयाला १.६० असा बांधलेला आहे आणि भूतानचे न्गुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीचे आहे. पशुपतिनाथाला निघालेल्या गटातले कोणी हौसेने डॉलरचे कार्ड भरून आणले, तर त्यांना मी निघण्यापूर्वीच थांबवते.

फॉरेक्स कार्ड असूनही पैसे जास्त कापले गेले, तर कार्डात कोणते चलन भरले आहे ते पाहावे. डॉलर भरून युरोत खर्च केला, तर दर वेळी एका चलनाचे दुसऱ्यात रूपांतर होते आणि त्याचे शुल्क लागते. पेट्रोल पंपांवरची बिनमाणसांची यंत्रे आणि गाड्या भाड्याने देणारे यांच्याकडे अशी प्रीपेड कार्डे पुष्कळदा चालत नाहीत. तो कार्डाचा बिघाड नसतो. कार्डात पुन्हा पैसे भरायचे असतील तर शनिवार, रविवार आणि सुट्ट्या टाळून भरावेत.

इथे थांबावे

काही ठिकाणी स्वतः प्रयत्न करत राहणे नुकसानीचे असते, आणि ती ठिकाणे मी गटाला पहिल्याच बैठकीत सांगते.

पिन दोनदा चुकला की थांबावे. तिसऱ्या चुकीनंतर कार्ड बंद पडते, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत किंवा नवा पिन मिळेपर्यंत काही करता येत नाही.

एटीएमने कार्ड गिळले, तर यंत्राशी झटापट करू नये आणि "मी मदत करतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसासमोर पिन पुन्हा दाबू नये. शाखा उघडी असेल तर आत जावे. नसेल तर ताबडतोब आपल्या बँकेला फोन करून कार्ड रोखावे.

खात्यातून रक्कम गेली आणि नोटा आल्या नाहीत, तर पुन्हा प्रयत्न करू नये. यंत्राचा क्रमांक, वेळ आणि पडद्यावरचा संदेश यांचा फोटो काढावा आणि त्याच दिवशी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. भारतातल्या एटीएमबाबत ठरलेल्या मुदतीत पैसे परत न आल्यास दर दिवशी १०० रुपये भरपाई देण्याचा जो नियम आहे, तो देशांतर्गत व्यवहारांसाठी आहे. परदेशातल्या यंत्राबाबत त्यावर विसंबून राहू नये, म्हणूनच नोंदी स्वतः ठेवणे इतके महत्त्वाचे आहे.

आपण न केलेला व्यवहार दिसला, तर आधी अ‍ॅपमधून कार्ड बंद करावे आणि मग बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमानुसार, चूक आपली किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत आपण कळवले, तर ते नुकसान ग्राहकावर येत नाही. सहल संपल्यावर सांगू, असे म्हणत राहिले की ही मुदत निघून जाते.

बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. अशा शोधात फसवणूक करणाऱ्यांचे क्रमांक वर येतात, आणि घाईतल्या माणसाला फरक कळत नाही. भारतातले १८०० ने सुरू होणारे क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाहीत, त्यामुळे कार्डाच्या मागे छापलेला, भारताच्या सांकेतिक क्रमांकासह असलेला फोन क्रमांक घरून निघतानाच कागदावर लिहून घ्यावा. फोनमध्येच ठेवला आणि फोनच हरवला, तर तो कुठे शोधणार? माझ्या गटातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये अशी चिठ्ठी असते.

पासपोर्ट, फोन आणि पाकीट एकत्र चोरीला गेले, तर हे काम सहलीच्या आयोजकाचेही नाही आणि बँकेचे एकट्याचेही नाही. स्थानिक पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्यावी आणि भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा. गोव्यातून घरचे लोक तासाभरात पैसे पाठवतील अशी अपेक्षा ठेवू नये. परदेशातून भारतात पैसे पाठवण्याच्या ज्या झटपट सेवा आपल्या ओळखीच्या आहेत, त्या उलट दिशेने चालत नाहीत, आणि भारतातून बाहेर पैसे पाठवण्यासाठी बँकेची कागदपत्रे पूर्ण करावी लागतात. त्यामुळे दुसरे कार्ड आणि थोड्या नोटा हॉटेलच्या तिजोरीत ठेवण्याचा आग्रह मी धरते.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. पावत्या म्हणूनच फेकू नयेत.

परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत परत करायचे असते. २,००० डॉलरपर्यंतची रक्कम पुढच्या प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवता येते. आणि मोपाच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभे असताना मी गटातल्या सर्वांना फोन बाहेर काढायला सांगते, आणि बॅगा येईपर्यंत आम्ही सगळे मिळून आंतरराष्ट्रीय स्तंभातले खटके एकेक करून बंद करतो.